ओ आल्याशिवाय

रूपाचा पहिला मेसेज नेहमी एका शब्दाचा असायचा. "अक्का." एवढंच. तिच्या फोनमध्ये मराठी नव्हतं, म्हणून अक्षरं इंग्रजी आणि बोली आमची. मी "ओ" असं उत्तर पाठवल्याशिवाय दुसरा मेसेज यायचा नाही. दहा मिनिटं लागली तर दहा मिनिटं, दोन तास लागले तर दोन तास.

ही आमच्या अप्पांची शिस्त. अप्पा म्हणजे आमचे वडील, इरप्पा. औरादच्या अलीकडच्या माळावर त्यांनी तीस वर्षं मेंढरं राखली. माळावर माणसं एकमेकांना दिसत नाहीत, नुसती हाळी ऐकू येते. म्हणून आधी फक्त नाव घ्यायचं आणि थांबायचं. पलीकडून "ओ" आला, आवाज ओळखीचा निघाला, की मग काय ते सांगायचं, तेही तुकड्यातुकड्यानं. प्रत्येक तुकड्याला "हूं" आला की पुढचा. ओ आलाच नाही, तर तोंड मिटायचं.

"पलीकडं कोन हाय ते कळल्याबिगर मेंढरं कुटं हाईत ते बोलू नगा," अप्पा म्हणायचे. त्यांच्या धाकट्या भावाने, भीमण्णाने, एकदा न थांबता हाळीतच कळपाचं ठिकाण सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी भीमण्णा ओढ्यात सापडला, डोकं दगडाने फुटलेलं. मेंढरं गेली होती. मी आणि रूपा, आम्ही दोघी बहिणी ही हकिगत ऐकत वाढलो. पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि बीदरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळू लागले. पण आजही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायचं असलं तर मी आधी नाव घेते आणि थांबते.

रूपाचं लग्न २००३ साली मल्लेशशी झालं. त्याचं गाव औरादच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. मल्लेश तेव्हा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर होता आणि सणाला घरी यायचा. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हाच त्याचं बोलणं मला विचित्र वाटलं. तो प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा.

"या अक्का, या. चहा घेताव? न्हाई घेत तुमी, शिकल्याली मान्सं. पानी घेताव? घ्या. परवास बरा झाला? बराच की. बीदरच्या बशीला काय धाड भरलीय!"

मी तिथे तासभर होते. त्या तासात मी पाच-सहा शब्द बोलले असेन. निघताना तो फाट्यापर्यंत सोबत आला. शेवटचा शब्द दुसऱ्याचा राहू देणं त्याला जमतच नव्हतं. मी "बरं, येते" म्हणाले, तर "या." मी "हं" म्हणाले, तर "हं काय, सावकाश जावा." बस हलल्यावरही तो खिडकीखाली चालत चालत काहीतरी म्हणाला.

रूपाला फोन त्यानेच दिला, स्वतःचा जुना. ती कुठे आहे, कुणाशी बोलते, हे हैदराबादहून विचारायला. घरात सासू होती, पद्माबाई. रूपाचं प्रत्येक वाक्य ती कान देऊन ऐकायची आणि संध्याकाळी लेकाला सांगायची. पण पद्माबाईला वाचता येत नव्हतं. रूपा मेसेज शिकली ती त्यामुळे.

२००७ मध्ये मल्लेश कायमचा परत आला. त्याने ट्रॅक्टर घेतला. त्यानंतर मेसेज असे यायला लागले:

"अक्का."

"ओ."

"काल पट्ट्यानं."

"हूं."

"फोन बिझी कामून लागला म्हनून."

"हूं."

"पाठ उलली हाय. कोरफड लावली."

"हूं."

"बास. जेवलीस का तू?"

फोनमध्ये जागा कमी असायची, म्हणून मी हे सगळं प्रयोगवहीत उतरवून ठेवायचे, तारीख आणि वेळ घालून. पट्ट्यानंतर दावं आलं. दाव्यानंतर चुलीतलं लाकूड आलं, आणि त्या दिवशी तिने पोटरीवरच्या भाजलेल्या जागेचं माप बोटांनी घेऊन कळवलं होतं, कारण मीच विचारलं होतं. मी दर वेळी ये म्हणायचे. ती म्हणायची, "आजून न्हाई." असं दीड वर्ष चाललं.

मग मार्च २००९ मधल्या एका सोमवारी मेसेज आला.

"अक्का."

"ओ."

"आता न्यायला ये."

"हूं."

"त्येनं वरवंटा उचलला व्हता. डोस्क्यावर धरून हुबा ऱ्हायला."

"हूं."

"हानला न्हाई. म्हनला ह्यो आता हितंच दारात ऱ्हाईल. जाता येता बगत जा."

"हूं."

"रविवारी त्यो उदगीरला जानार हाय. तवा ये."

ठरलं. आमच्या प्रयोगशाळेतला अटेंडर सिद्धराम पन्नाशीचा माणूस, त्याच्या भावाची जीप होती. रविवारी सकाळी आठला निघायचं, वाटेत अप्पांना घ्यायचं. मी सिद्धरामला फक्त "बहिणीला आणायचं आहे" एवढं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, टामी ठिवू का गाडीत?" टामी म्हणजे जॅकचा लोखंडी दांडा. मी ठेव म्हणाले.

गुरुवारी कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक आले होते. सगळ्यांचे फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे, असा नियम. मी ठेवला. अकरा ते एक मी ब्युरेट भरत आणि फुटलेल्या परीक्षानळ्या उचलत होते. एक वीसला फोन हातात आला, तेव्हा त्यावर एकच मेसेज होता, अकरा दहाचा.

"अक्का."

दोन तास दहा मिनिटं. मी घाईने लिहिलं: "ओ. परीक्षा चालू होती. बोल. रविवारचं पक्कं न्हवं? जीप ठरवली हाय." आणि पाठवलं.

वीस मिनिटं काही आलं नाही. मग एकामागून एक तीन मेसेज आले, मध्ये माझ्या हूंला जागा न ठेवता.

"अक्का कशी हाईस. बरी असशील."

"मी बरी हाय. मला काय धाड भरलीय."

"रविवारी येनार हाईस का. नगो यिऊ. काम हाय घरी."

ते मी उभ्याने वाचले. दोन प्रश्नांत एकाच्याही उत्तराची वाट पाहिलेली नव्हती. मला ती बस आठवली आणि खिडकीखाली चालणारा माणूस आठवला. फोन मल्लेशच्या हातात होता.

मी कॉल केला. दोन रिंगनंतर कट झाला. दोन मिनिटांनी मेसेज: "बोलाया टाइम न्हाई. तुला काम न्हाई का. आसंल की."

मला एकच पोलीस माहीत होता. माणिकप्पा, हेड कॉन्स्टेबल, आमच्या लांबच्या नात्यातला. त्याला फोन करून मी मेसेज वाचून दाखवले.

"मग? बरी हाय म्हनलीया न्हवं?"

"मामा, हे ती लिहीत नाहीये."

"नंबर कोनाचा हाय?"

"तिचाच."

"मग तिच्या नंबरावनं तीच लिवंल. दुसरं कोन लिवंल, रेणू? तू लई शिकलीस, त्येचा तरास हाय ह्यो." तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "जाऊन बग. काय दिसलं तर फोन कर."

मी प्रयोगशाळेत परत गेले. आम्लांचं कपाट उघडलं. तीव्र सल्फ्युरिकची बाटली पुढेच होती, पाऊण भरलेली. मी तिच्याकडे किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. मग कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली परीक्षकांच्या हातात दिली, माझ्याजवळ राहू नये म्हणून. सिद्धरामला म्हणाले, "रविवार नाही. आत्ता."

जीप शहराबाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात एक हिशेब तयार झाला होता. त्या फोनवर एका अक्षरासाठी एक बटण कधी दोनदा, कधी तीनदा दाबावं लागायचं. मल्लेशच्या मेसेजांच्या वेळा पाहिल्या, तर एक ओळ लिहायला त्याला दीड-दोन मिनिटं लागत होती. लिहिणाऱ्याचे हात लिहिण्यात गुंतलेले असतात. तो जोवर मला लिहीत होता, तोवर त्याचे हात रूपावर नव्हते. आणि शेवटचा शब्द माझा राहू देणं त्याला जमत नव्हतं.

मी लिहिलं, "हूं. पन अप्पाला भेटायचंय तुला."

"अप्पाला काय झालंय. काय न्हाई झालं. म्हातारं दनगट हाय."

"तुजा नवरा नगो म्हनला का?"

"नवरा कामून म्हनंल. नवरा देवमानूस हाय."

"देवमानूस पट्ट्यानं मारतो का?"

या उत्तराला चार मिनिटं लागली. मी घड्याळाकडे बघत बसले. सिद्धराम आरशातून माझ्याकडे बघत होता.

"मारलं आसंल तर बाईची चूक आसंल. बाई कुटं कुटं जायलीय ते कोनाला ठावं. मला ठावं हाय."

आता तो रूपा असल्याचं विसरत चालला होता. मी लिहिलं, "हूं. काय ठावं हाय?"

"समदं. तुमी बहिनी बहिनी काय शिजवताव ते."

"आम्ही काय शिजवतो?"

"बामनावानी बोलू नगो मला."

सिद्धराम म्हणाला, "मॅडम, कोनासंगं हसायलाव?" मी हसत नव्हते. माझे दात एकमेकांवर आपटत होते.

मांजरेच्या पुलाशी रस्ता खाली उतरतो. तिथे रेंज गेली. मी शेवटचं लिहिलेलं गेलंच नाही. फोनवर नुसतं फिरणाऱ्या पाकिटाचं चित्र दिसत राहिलं. पुढे खड्ड्यांनी रस्ता खाल्लेला. सिद्धरामने एका बैलगाडीला इतकं घासून काढलं, की गाडीवानाच्या शिव्या बराच वेळ मागून येत राहिल्या. चढ चढून रेंज आली तेव्हा अकरा मिनिटं गेली होती. अकरा मिनिटं त्याचे हात मोकळे होते. वर त्याचा एकच मेसेज होता, "गप झालीस. व्हय, गपच बस." तो दहा मिनिटांपूर्वीचा होता. मी लगेच लिहिलं, "मी गप बसत नसते." दोन मिनिटांनी उत्तर आलं.

अप्पा फाट्यावर उभे होते, खांद्यावर कुऱ्हाड. मी फोनवर त्यांना फक्त "रूपा" म्हटलं होतं आणि थांबले होते. त्यांनी ओ दिल्यावर "आत्ता" म्हटलं होतं. ते मागे बसले आणि जीप औरादच्या पुढे गेली. मग अप्पा म्हणाले, "जित्ती हाय न्हवं?"

"माहीत नाही, अप्पा."

"हूं," अप्पा म्हणाले.

घराच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता आणि मल्लेश त्याच्या सीटवर पाय पसरून बसला होता, मान खाली, दोन्ही अंगठे फोनवर. जीप आत शिरली तरी त्याने ओळ पुरी केली. माझ्या हातातला फोन वाजला. मग त्याने वर पाहिलं.

उंबऱ्यावर पद्माबाई सुपात तुरी निवडत होती. मी विचारलं, "रूपा कुठे आहे?"

"रानात गेलीया. घरात कोन न्हाई."

शेजारच्या कडब्याच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. अप्पा अंगणाच्या मधोमध उभे राहिले. माळावर उभे राहायचे तसे, एक हात कानामागे. त्यांनी हाळी दिली.

"रूपेऽऽ!"

आणि ते थांबले. आम्ही सगळेच थांबलो. पद्माबाईचं सूपसुद्धा थांबलं. ओ आला नाही. अप्पांचा हात कानामागेच राहिला. मग कडब्याच्या खोलीतून भांडं भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. एकदा. थोड्या वेळाने परत एकदा.

अप्पा कुलपाकडे वळले तसा मल्लेश ट्रॅक्टरवरून उडी टाकून आला. हातात पाना होता, चाकाच्या नटांचा, हातभर लांब.

"कुटं निगालाव? न्हाई जायाचं तिकडं. माजं घर हाय का तुमचं? माजं हाय!"

पहिला घाव अप्पांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी फांदी मोडावी तसा. अप्पा गुडघ्यावर आले आणि कुऱ्हाड खाली पडली. दुसरा त्यांच्या कानावर बसला. सिद्धराम टामी आणायला जीपकडे धावला. मल्लेशने पाना फेकला आणि कुऱ्हाडीसाठी वाकला.

दारातल्या पाट्यावर वरवंटा होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला. दगड एका टोकाला चिकट लागला. मल्लेशची बोटं कुऱ्हाडीच्या दांड्याभोवती मिटत होती, आणि मनगट जमिनीला टेकलेलं होतं. मनगटात आठ लहान हाडं असतात. मी त्यांच्यावर वरवंटा आणला. तो ओरडला. मी परत उचलला आणि परत त्याच जागी आणला, आणि तिसऱ्यांदा आणला तेव्हा तिथे मनगटासारखं काही उरलं नव्हतं. त्याच्या खिशातून फोन पडला होता. एक घाव त्याच्यावर गेला.

"मॅडम, बास! मरंल त्यो!" सिद्धरामने माझा दंड धरला होता.

मला थांबायचं नव्हतं. ते इथे लिहून ठेवते.

पद्माबाई किंचाळत होती, "माज्या लेकराचा हात! आगं रांडं, लेकराचा हात!" तिच्या कमरेला किल्ल्या होत्या. मी तिच्यापुढे एक हात पसरला. दुसऱ्या हातात वरवंटा होता. "किल्ली," मी म्हणाले. तिने दिली.

रूपा कडब्याला टेकून बसली होती. तिचा जबडा डावीकडे सरकला होता, आणि तोंड मिटत नव्हतं. लाळ आणि रक्त गळ्यावरून पदरात उतरून वाळायला लागलं होतं. एका मुठीत तिने स्वतःचे दोन दात धरले होते, दुसऱ्या हातात तांब्या. मला पाहून तिने घशातून एक आवाज काढला. तो ओ होता.

माणिकप्पा दुसऱ्या दिवशी बीदरच्या दवाखान्यात, जिथे रूपा आणि अप्पा दोघंही भरती होते, जबाब घ्यायला आला. गुन्हे दोन्ही बाजूंवर होते, माझ्यावरही. त्याने वही उघडली.

"त्यो लिवायलाय ते तू वळखलंस कसं? कागदावर काय लिवू?"

"लिहा, तो ओची वाट बघत नव्हता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "संशय आल्याने," असं लिहिलं.

रूपाचा जबडा डॉक्टरांनी तारांनी बांधला. सहा आठवडे बोलायचं नाही, पातळ खायचं. मी तिला माझा जुना फोन दिला. चौथ्या दिवशी दुपारी ती खाटेवर बसली होती, मी स्टुलावर, मध्ये हातभर अंतर. माझा फोन वाजला.

"अक्का."

"ओ," मी तोंडाने म्हणाले.

ती लिहू लागली. बटणांचा आवाज येत होता.

"गुरवारी सासूनं बोचकं बगितलं. कापडं बांदलेलं."

"हूं."

"त्यो रानात व्हता. आजच ये म्हनून सांगायचं व्हतं तुला."

"हूं." मग मला राहवलं नाही. "एकदम का नाही लिहिलंस गं? अक्का, आजच ये. चार अक्षरं."

मला वेड लागल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "ओ कुटं आला व्हता?" तिने लिहिलं.

"हूं."

"गोठ्यात फोन घिऊन हुबी ऱ्हायले. लई येळ. त्यो आला. फोन हिसकला."

"हूं."

"कोनाला म्हनला. अक्काला म्हनले. जेवलीस का इचारायला. त्येनं बगितलं. नुस्तं अक्का लिवल्यालं."

"हूं."

"बोचकं म्हायेरच्या गोदडीचं म्हनले. दोन मुस्काटात दिल्या. सोडलं. जेवाया बसला."

"हूं."

"मी वाढायलते. मग फोन वाजला."

ती थांबली. अंगठा बटणावर, डोळे माझ्यावर.

गेले चार दिवस मी मांजरेच्या पुलाखालची अकरा मिनिटं मोजत होते. जबडा त्या अकरा मिनिटांत मोडला, असं मी धरून चालले होते. म्हणजे दोष रेंजचा, माझा नव्हे. मल्लेश जेवायला बसला तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली असणार. मी हूं दिला नाही, तर रूपा पुढे लिहिणार नव्हती. आज नाही आणि नंतरही नाही. तिने ते तसंच ठेवलं असतं. समोरच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. रूपाचा अंगठा अजून वरच होता.

"हूं," मी म्हणाले.

"तुजा ओ आला. त्यातच रविवार बी आला, जीप बी आली."

"हूं."

"त्येनं वाचून दावलं मला. हात धुतला. वरवंटा आनला."

"हूं."

तिने खाली पाहिलं आणि परत लिहायला लागली. एका हाताने जबड्याखालचा कापूस धरून.

"बास," मेसेज आला. "जेवलीस का तू?"